काठीचा आवाज थांबला की उठायचं

या वेळचं पत्र, थोडं कापून:

'ताई, नमस्कार. सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सर्व्हरचं सगळं मी एकटाच बघतो. तीन सर्व्हर, अकरा साइट, बहुतेक शाळा-कॉलेजांच्या, वर्डप्रेसवर. माझ्या आधीचा मुलगा पुण्याला गेला आणि जाताना "स्क्रिप्ट्स फायनल २" नावाचं फोल्डर माझ्या गळ्यात मारून गेला. आत एक्केचाळीस स्क्रिप्ट. काही क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायला, लागलेल्या आहेत, काही कशासाठी आहेत देव जाणे, पण हात लावायची भीती वाटते. मी माझ्या परीनं सर्व्हरचे आकडे गोळा करणारं प्रोमीथियस आणि ते आलेखात दाखवणारं ग्राफाना बसवलं, १८६० नंबरचा तयार डॅशबोर्ड लावला. तो साहेबांच्या केबिनमध्ये टीव्हीवर चालू असतो. टेलिग्रामवर दिवसाला शंभर-दीडशे अलर्ट येतात, त्यापायी बायकोनं रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवायला लावलाय. एवढं करूनही दहावीच्या निकालाच्या दुपारी एका सर्व्हरवरच्या चारही साइट पावणेतीन तास बंद होत्या. कुणाला ५०२, कुणाला ५०४. टीव्हीवर सगळं हिरवं, सीपीयू १२ टक्के. मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मला कळलं. दर पाच मिनिटांनी साइट तपासून ती बंद असेल तर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करणारी एक स्क्रिप्ट आहे, तीही गप्प. आणि डिस्क सारखी भरते. मोठ्या लॉग फाइल डिलीट केल्या तरी जागा मोकळी होत नाही, सर्व्हर रीस्टार्ट केला की होते. तुमच्याकडे चांगल्या स्क्रिप्ट आणि कॉन्फिगरेशनचा तयार संच असेलच, तो द्याल का?
— जागल्या, सांगली'

जागल्या, नमस्कार.

संच आहे माझ्याकडे, पण देत नाही. एक्केचाळीस स्क्रिप्टांनी त्या दुपारी काय दिवे लावले ते तुम्हीच लिहिलंय. त्यात माझ्या वीस मिसळल्या तर पुढच्या निकालाला एकसष्ट जणी गप्प बसतील. त्यापेक्षा तुमचं पत्रच नीट वाचू, निम्मी उत्तरं त्यातच आहेत. कमांडा मात्र फोनवर सांगते तशा सांगणार आहे. डॅश, डॉट, अंडरस्कोअर ऐकून टाइप करायची तुम्हाला सवय असेलच.

५०२ हा आकडा लोकांच्या हातात तुमच्या एनजिनएक्सनंच दिला. 'मी दारात उभा आहे, पण आतून कोणी धड उत्तर देत नाही' एवढंच तो सांगत होता. ५०४ म्हणजे 'आतल्याची वाट बघून कंटाळलो'. ही वाट तुम्ही मुद्दाम बदलली नसेल तर साठ सेकंदांची असते. म्हणजे दारवान ठणठणीत होता, आणि टीव्हीवर हिरवा दिसत होता तो दारवानच. दुकान आत बंद पडलंय हे त्या ठिपक्याला कसं कळणार?

आत बसतं पीएचपी-एफपीएम, वर्डप्रेसची पानं तयार करणारं. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर ते बसवलं की पूलच्या, म्हणजे पीएचपी प्रोसेसच्या गटाच्या, फाइलमध्ये पीएम डॉट मॅक्स अंडरस्कोअर चिल्ड्रनपुढे ५ लिहिलेलं येतं. पाच! एसटी स्टँडवर आरक्षणाच्या पाच खिडक्या, आणि दुपारी एक वाजता अख्खा तालुका रांगेत. एफपीएमच्या लॉगमध्ये त्या तारखेला जा. 'सर्व्हर रीच्ड पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रन सेटिंग' अशी ओळ तिथे सापडेल यावर मी पैज लावायला तयार आहे. तुमचे चारही ग्राहक एकाच पूलमध्ये असणार, म्हणून एका शाळेच्या गर्दीनं बाकीच्या तिघी विनाकारण बुडाल्या. प्रत्येक साइटला वेगळा पूल द्या. काम अर्ध्या तासाचं आहे.

आणि सीपीयू १२ टक्के म्हणून बुचकळ्यात पडू नका, खरा दुवा तोच आहे. खिडकीतले पाच कारकून घाम गाळत असते तर सीपीयू चढला असता. ते हातावर हात ठेवून बसले होते. डेटाबेसमधल्या एखाद्या अडकलेल्या क्वेरीसाठी म्हणा, किंवा कुठल्याशा प्लगइननं बाहेरच्या सर्व्हरला काहीतरी विचारलं आणि तिकडून उत्तर येईना म्हणून म्हणा. तेव्हा नुसते पाचाचे पन्नास करू नका, पन्नास जण तसेच बसून राहतील आणि वर मेमरी खातील. आधी पूलमध्ये रिक्वेस्ट स्लोलॉग टाइमआउट पाच सेकंदांवर लावा. पाच सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलेली प्रत्येक विनंती नेमकी कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर अडली ते तो लॉग लिहून देतो. दोन दिवसांत गुन्हेगार सापडतो. मग खिडक्या वाढवा, त्याही हिशोबानं. चार जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेस आणि बाकीच्यांसाठी दोन जीबी बाजूला काढले, आणि तुमची एक पीएचपी प्रोसेस साधारण साठ एमबी घेत असेल, तर भागाकार चौतीस येतो. सगळ्या पूलचे मिळून तीसवर थांबा.

आता ती रीस्टार्टवाली स्क्रिप्ट. ती उघडलीत तर आत कर्ल, म्हणजे पान मागवणारी कमांड, असेल, आणि त्याला डॅश डॅश फेल लावलेलं नसेल. कर्लचा स्वभाव असा आहे की समोरून काहीही उत्तर आलं, अगदी ५०२चं पान आलं, तरी तो शून्य, म्हणजे 'यशस्वी', परत करतो. 'विचारलं, उत्तर मिळालं, माझं काम झालं.' म्हणजे तुमच्या स्क्रिप्टला पावणेतीन तास दर पाच मिनिटांनी उत्तर मिळत होतं आणि ती समाधानी होती. डॅश डॅश फेल लावा, डॅश डॅश मॅक्स-टाइम १० लावा. पण तिच्यातली रीस्टार्टची ओळ काढून टाका. एनजिनएक्सचा दोष नसताना एनजिनएक्स रीस्टार्ट करणं म्हणजे पाय मोडलेल्याच्या डोक्याला बाम चोळणं. शिवाय कधी चुकून उपयोग झाला तर मूळ दुखणं महिनोन्‌महिने झाकलं जातं.

तपासणी करायची ती बाहेरून, दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या मशीनवरून. प्रोमीथियस वापरता आहातच, तर त्याचा ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर घ्या. तो पान मागवतो, २००, म्हणजे 'ठीक आहे' हे उत्तर, आलं का बघतो, किती वेळ लागला ते मोजतो, आणि पानात अमुक शब्द नसेल तर नापास करायलाही सांगता येतो. शाळेचं नाव देवनागरीत जसं पानावर आहे तसं तिथे टाका. पांढरं रिकामं पान २०० घेऊन येतं तेव्हा हीच एक ओळ कामाला येते.

डिस्कचं कोडं जुनंच आहे. लॉग फाइल तुम्ही पुसली, पण एनजिनएक्सनं ती उघडून धरलेली आहे आणि तो तिच्यातच लिहीत राहतो. फाइलचं नाव गेलं, जागा गेली नाही. म्हणून डिस्कवरची जागा मोजणारा डीएफ म्हणतो डिस्क भरली आणि फाइली मोजणारा डीयू म्हणतो कुठे काय आहे! एलएसओएफ अधिक एल १ चालवा, पुसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी येते. रीस्टार्ट केल्यावर एनजिनएक्स हात सोडतो, म्हणून जागा परत मिळते. खरा इलाज लॉगरोटेटचा, जुने लॉग ठरल्या वेळी बाजूला सारणाऱ्या प्रोग्रॅमचा. उबुंटूवर एनजिनएक्ससोबत त्याची फाइल आपोआप येते, आणि फाइल फिरवून झाली की ती एनजिनएक्सला यूएसआर१ सिग्नल पाठवते, म्हणजे 'जुनी वही मिट, नवी उघड'. तुमच्याकडे ती बहुधा आहे, पण तुमच्या पूर्वसुरींनी साइटगणिक लॉग दुसऱ्याच फोल्डरमध्ये नेले असणार, आणि लॉगरोटेटला कोणी ते सांगितलेलं नसणार. तो रस्ता फाइलमध्ये घाला, एक्केचाळीसमधली लॉग पुसणारी स्क्रिप्ट काढा. ही पहिली गेली.

यापुढचं जरा सावकाश वाचा. या पत्राला उत्तर द्यावंसं वाटलं ते यासाठीच.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत रात्री गुरखा फिरायचा. काठी आपटत जायचा, मधूनच शिट्टी. आई म्हणायची की काठीच्या आवाजानं तिला झोप लागते, आणि एखाद्या रात्री तो आवाज आला नाही की जाग येते. तुमच्या सगळ्या स्क्रिप्ट याच्या नेमक्या उलट्या आहेत. काही बिघडलं तर ओरडायचं असं त्यांना सांगून ठेवलंय. पण ओरडणाराच मेला तर? क्रॉनच बंद पडला, डिस्क भरल्यामुळे स्क्रिप्ट सुरूच झाली नाही, ईमेल अडकला, टेलिग्रामचं टोकन बदललं? तेव्हा जी शांतता असते ती, सगळं ठीक असतानाच्या शांततेसारखीच दिसते.

हे मी शिकले ते स्वतःचं नाक कापून. एका ऑफिसात मी डेटाबेसच्या बॅकअपची एकओळी कमांड लिहिली. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून डेट आणि टक्क्याचं चिन्ह. हातानं चालवून बघितली, सुरेख फाइल तयार झाली. तीच ओळ उचलून क्रॉनटॅबमध्ये, क्रॉनच्या यादीत, चिकटवली आणि घरी गेले. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ 'ओळ इथे संपली' असा होतो, त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, हे मला माहीत नव्हतं. कमांड मधोमध तुटायची, काहीच तयार व्हायचं नाही, आणि तक्रारीचं पत्र रोज रात्री त्या मशीनवरच्या रूटच्या टपालपेटीत पडायचं. ती पेटी कोणी उघडतच नव्हतं. चार महिने! कळलं तेही योगायोगानं, व्हार-मेलमधली एक फाइल एवढी मोठी कशी म्हणून बघायला गेले तेव्हा. त्या चार महिन्यांत डिस्क गेली नाही, हे माझं नशीब.

मोठ्यांचंही वेगळं नसतं. ३१ जानेवारी २०१७ला लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्यानं रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. चूक कुणाचीही होऊ शकते, सर्व्हरचं नाव न बघता एंटर दाबणाऱ्यांत मीही आहे. भयंकर होतं ते पुढचं. बॅकअप शोधायला गेले तर नेहमीचा बॅकअप नव्हताच. बॅकअप घेणारी कमांड पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीची चालत होती आणि डेटाबेस होता ९.६चा, त्यामुळे ती दर वेळी पडत होती. पडल्याचे ईमेल निघत होते, पण ईमेल खरंच त्याच पत्त्याचा आहे का हे बघणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत ते नाकारले जात होते. शेवटी साधारण सहा तास आधी एकानं दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेली प्रत सापडली, त्यावरून साइट उभी केली, आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं जसंच्या तसं जगाला सांगितलं, याचं मला फार कौतुक आहे.

तर तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टचं काय करायचं ते सांगते. पहिल्या ओळीत बॅश लिहा, दुसऱ्या ओळीत सेट डॅश ई यू ओ पाइपफेल. पाइपफेल विसरू नका. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएल-डंपचं आउटपुट पाइपनं, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे जातं, आणि पाइपलाइनचा निकाल शेवटच्याचा धरतात. डंप पासवर्डवरून पडला तरी जीझिप बिचारा 'काहीच नाही' हे नीट दाबून वीस बाइटची फाइल बनवतो आणि पास होतो. तुमच्या बॅकअप फोल्डरमध्ये वीस बाइटच्या फाइली आहेत का, हे पत्र खाली ठेवून आत्ता बघून या.

मग शेवटची ओळ. सगळं सुखरूप झालं तरच स्क्रिप्ट शेवटपर्यंत पोचते, तेव्हा तिथे तिला काठी आपटायला लावा. मशीनचे आकडे प्रोमीथियसला देणाऱ्या नोड एक्सपोर्टरमध्ये टेक्स्टफाइल कलेक्टर आहे. तुम्ही ठरवाल त्या फोल्डरमधल्या डॉट प्रॉम फाइली तो वाचतो. त्या फाइलीत दोन आकडे लिहायचे, आत्ताची वेळ सेकंदांत आणि तयार झालेल्या बॅकअपचा आकार बाइटमध्ये. आधी दुसऱ्या नावानं लिहून मग एमव्हीनं जागेवर सरकवा, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल वाचली जाते. प्रोमीथियसमध्ये नियम एकच: आत्ताची वेळ वजा ती वेळ सव्वीस तासांपेक्षा जास्त झाली की हाक मार. चोवीस नाही, कारण एखादा दिवस डंपला वेळ लागतो. आकार कालच्या निम्म्याखाली गेला तर दुसरी हाक. आणि तो आकडाच कुठे दिसत नसेल, म्हणजे फाइलच गायब असेल, त्यासाठी अ‍ॅबसेंट नावाचं फंक्शन आहे, तेही लावा. असं केलंत की स्क्रिप्ट कशामुळे पडली याच्याशी तुम्हाला घेणंदेणं उरत नाही. क्रॉन मेला, टक्का विसरला, डिस्क भरली, कोणी क्रॉनटॅबच पुसला, काहीही होवो. काठी वाजली नाही एवढं कळतं.

बाकी महिन्यातून एकदा एखादा बॅकअप वेगळ्या मशीनवर उघडून त्यातली शेवटची पोस्ट कुठल्या तारखेची आहे ते बघा. याला स्क्रिप्ट नको, डोळे लागतात.

आणि एक. क्रॉन सर्व्हरच्या घड्याळावर चालतो, आणि भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असतं. 'रात्री दोनचा बॅकअप' आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो, शाळा भरताना. टाइमडेटसीटीएल चालवून खात्री करा.

आता खुद्द प्रोमीथियसवर पहारा कोण ठेवणार? तो त्याच तीन सर्व्हरांपैकी एकावर असेल, आणि तो सर्व्हर गेला तर तुमचा पहारेकरी त्याच्याबरोबर जाईल, एकही अलर्ट न पाठवता. यालाही इलाज काठीचाच. कायम वाजत राहणारा एक अलर्ट तयार करा, अट म्हणून नुसतं 'व्हेक्टर, कंसात एक' लिहिलंत तरी चालेल. प्रोमीथियसचे अलर्ट पोचवणारा अलर्टमॅनेजर तो दर काही मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला पाठवत राहील, आणि तिकडे येणं थांबलं की ती सेवा तुम्हाला फोन करेल. अशा सेवा लहान वापराला फुकट मिळतात. घरी रास्पबेरी पाय ठेवूनही जमतं, पण लाइट गेली की तोही गप्प बसेल.

दीडशे अलर्टांचं आता पटकन उरकू. एकेक नियम घ्या आणि स्वतःला विचारा, हा रात्री तीनला आला तर मी उठून काय करणार? 'बघून परत झोपणार' असं उत्तर आलं तर तो रात्रीच्या यादीतून गेला. 'सीपीयू ८० टक्के' गेला. मशीन कामासाठीच घेतलंय, करू दे काम. 'मेमरी कमी' हाही बहुधा गेला. लिनक्स रिकामी मेमरी पडून राहू देत नाही, फाइलींच्या कॅशला वापरतो, म्हणून फ्रीचा रकाना नेहमी केविलवाणा दिसतो. बघायचा तो अव्हेलेबलचा. लोड अ‍ॅव्हरेजवर तर कधीच अलर्ट लावू नका, त्यात डिस्कसाठी अडलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात आणि तो आकडा ऐकून कुणालाच काही कळत नाही. डिस्कला '९० टक्के' ऐवजी प्रेडिक्ट लिनिअर वापरा: गेल्या सहा तासांचा वेग बघता येत्या चोवीस तासांत जागा शून्याखाली जाणार असेल तर सांग. चाळीस जीबीच्या डिस्कवर दहा टक्के म्हणजे चारच जीबी, दोन टीबीवर दोनशे. एकच टक्केवारी दोघींना कशी पुरेल? प्रत्येक नियमात फॉर पाच मिनिटं घाला, म्हणजे क्षणभराची उचकी वगळली जाते. आणि अलर्टमॅनेजरमध्ये सर्व्हरप्रमाणे गट करा. एक सर्व्हर पडला तर एकच निरोप यावा, चार साइटचे चार, डिस्कचा एक आणि डेटाबेसचा एक असे सहा नकोत.

माझा अंदाज आहे की शेवटी रात्रीचे पाच-सहाच राहतील: साइट बाहेरून उघडत नाही, ५००च्या घरातली उत्तरं वाढली, डिस्क भरत चाललीय, बॅकअपची काठी वाजली नाही, साइटचं सुरक्षा-सर्टिफिकेट संपत आलंय. बाकीचे दिवसा, वेगळ्या ग्रुपमध्ये, आवाज बंद करून.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, म्हणजे फुकटातलं, असेल तर ते नव्वद दिवसांचं असतं, आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम शेवटच्या महिन्यात आपोआप नवं आणतो. पण नवी फाइल डिस्कवर आली आणि एनजिनएक्स रीलोडच झाला नाही, तर तो जुनंच दाखवत बसतो. सर्टबॉटमध्ये डिप्लॉय-हुक म्हणून रीलोडची कमांड द्या. पूर्वी 'तुमचं सर्टिफिकेट संपतंय' असे लेट्स एन्क्रिप्टचे ईमेल यायचे, ते त्यांनी ४ जून २०२५ला बंद केले. इथेही काठी तुमची तुम्हालाच बघायची आहे. ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर सर्टिफिकेट कधी संपतं तेही सांगतो, चौदा दिवस उरले की हाक लावा. विकतची सर्टिफिकेटं वापरणारे ग्राहक असतील तर त्यांनाही सांगून ठेवा की कमाल मुदत १५ मार्च २०२६पासून दोनशे दिवस, आणि १५ मार्च २०२९पासून सत्तेचाळीस दिवस. वर्षातून एकदा हातानं बदलायचे दिवस संपले.

कॉन्फिगरेशनमधलं एकच मागणं मागितलंत तर मी लॉगचं देईन. एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये वेळ किती लागला हे लिहिलेलंच नसतं. लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम हे दोन व्हेरिएबल जोडा. पहिला म्हणजे गिऱ्हाइकाचा पूर्ण वेळ, दुसरा म्हणजे तुमच्या पीएचपीनं घेतलेला. जतच्या एखाद्या वाडीतून कोणी दोन रेघांच्या नेटवर्कवर आठ एमबीचं निकालपत्रक उतरवत असेल तर पहिला चाळीस सेकंद दिसेल आणि दुसरा पाव सेकंदही नसेल. तिथे सर्व्हर निर्दोष आहे, पीडीएफ लहान करा. दोन्ही मोठे असतील तर चूक घरातली. निकालाच्या दिवसाचा लॉग अजून शाबूत असेल तर ऑक या कमांडनं चौथा आणि नववा रकाना काढा, म्हणजे वेळ आणि स्टेटस. मग ५०२वर ग्रेप करून, म्हणजे तेवढ्याच ओळी गाळून, पहिली ओळ बघा. एक वाजून किती मिनिटांनी पहिला ५०२ गेला हे कळलं की साहेबांपुढे बसताना हातात काहीतरी असेल. पुढे स्टेटसचाच रकाना सॉर्ट, युनिक डॅश सी, परत सॉर्ट डॅश आर एन असा रोज सकाळी चहा पिताना फिरवत जा. माझं मॉनिटरिंग कितीतरी वर्षं एवढंच होतं.

केबिनमधल्या टीव्हीबद्दल: १८६० वाईट नाही, आजारी मशीन उघडून बघायला मीही तोच वापरते. पण तो डॉक्टरचा रिपोर्ट आहे, भिंतीवर लावायचा नाही. साहेबांसाठी अकरा साइटच्या अकरा चौकटी करा, बाहेरून उघडते की नाही, आणि शंभरांतल्या पंच्याण्णव लोकांना किती सेकंदांत पान मिळालं. सरासरी दाखवू नका. नव्वद जणांना पाव सेकंद आणि दहा जणांना वीस सेकंद लागले तर सरासरी सव्वादोन येते, आणि सव्वादोन सेकंद त्या शंभरांतल्या कुणालाच लागलेले नसतात.

एक गोष्ट मात्र आजच करा. मोबाइलच्या इंटरनेटवरून तुमच्या सर्व्हरचे ३०००, ९०९० आणि ९१०० हे पोर्ट उघडून बघा. ग्राफानाचा पहिला पासवर्ड अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असतो, प्रोमीथियसला तर मुळात पासवर्डच नसतो, आणि डिसेंबर २०२१मध्ये ग्राफानाच्या आठव्या मालिकेत असं भोक सापडलं होतं की लॉगिन न करता सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत. उघडत असतील तर फायरवॉलनं बंद करा आणि स्वतः एसएसएचच्या बोगद्यातून जा.

आणि त्या एक्केचाळीस. घाबरू नका, पण एकदम पुसूही नका. आधी ते फोल्डर, क्रॉनटॅब आणि ईटीसीमधलं एनजिनएक्सचं फोल्डर गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वहीत, टाका. मग क्रॉनमधली एकेक ओळ वाचा. जी कळली तिच्यावर मराठीत एक ओळ लिहा, कशासाठी आणि पडली तर काय. जी कळत नाही तिच्यापुढे हॅश लावून तारीख टाका आणि महिनाभर थांबा, एका वेळी एकच. एनजिनएक्समध्ये काहीही बदललं की आधी एनजिनएक्स डॅश टी, ते पास झालं तरच रीलोड. रीस्टार्ट नाही. कॉन्फिगरेशनमध्ये एक अर्धविराम राहिला असेल तर रीलोड नकार देऊन जुन्यावरच चालत राहतो. रीस्टार्ट मात्र आधी जुना थांबवतो, आणि नवा उठलाच नाही तर त्या सर्व्हरवरच्या सगळ्या साइट खाली.

पुढच्या शनिवारी रात्री दहाला, साहेबांना सांगून, सगळ्यात कमी वर्दळीच्या साइटच्या पीएचपी पूलची फाइल बाजूला सरकवा आणि एफपीएम रीलोड करा. साइट ५०२ देऊ लागेल, टीव्हीवरचा दारवान हिरवाच राहील. घड्याळ लावून बसा, आणि स्वयंपाकघरातला फोन वाजायला किती मिनिटं लागली ते मला कळवा.